कोल्डप्लेच्या तिकिटांचा काळा बाजार

22 सप्टेंबर 2024 च्या दुपारी कोल्डप्ले या बँडच्या नवी मुंबईतल्या कार्यक्रमांची तिकिटं बुकमायशोवर खुली झाली आणि बघता बघता संपली. मूळ दर 2,500 ते 35,000 रुपये. हेच मुळात सामान्य रसिकाला जड, त्यात पुनर्विक्रीच्या साइटवर तीच तिकिटं लाखांत! आर्थिक गुन्हे शाखेने चौकशी केली, उच्च न्यायालयात जनहित याचिका गेली. ती जानेवारी 2025 मध्ये फेटाळली गेली. कारण अशा काळ्या बाजाराविरुद्ध कायदा करणं विधिमंडळाच्याच हाती आहे.

आयर्लंडने 2021 मध्ये असा कायदा केला. तिथे मोठ्या कार्यक्रमांचं तिकीट मूळ किमतीपेक्षा चढ्या दराने विकणं गुन्हा आहे. आपल्याकडेही असा कायदा हवाच.

तोवर मंडळी, अनोळखी विक्रेत्याच्या स्क्रीनशॉटवर पैसे पाठवू नका. एकच क्यूआर कोड अनेकांना विकता येतो, आत मात्र एकालाच सोडतात.