खोकला थांबला, तरी तपासणी थांबू नये

क्षयरोगाचे औषध सुरू झाले की काही आठवड्यांतच बहुतेक रुग्णांचा ताप उतरतो, भूक लागू लागते, खोकला कमी होतो. माणूस पुन्हा कामाला लागतो. नेमक्या याच वेळी दोन गोष्टी मागे पडतात: रोजच्या गोळ्या आणि थुंकीची पुन्हा तपासणी. ‘आता बरे वाटते, मग पुन्हा थुंकी कशाला द्यायची?’ हा प्रश्न स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर या जंतूच्या स्वभावात दडलेले आहे.

क्षयाचा जंतू अतिशय संथ वाढतो. अनेक जंतू अर्ध्या तासात एकाचे दोन होतात, क्षयाच्या जंतूला त्यासाठी पंधरा ते वीस तास लागतात. त्यातले काही तर जवळपास निपचित पडून राहतात. औषधाने वेगाने वाढणारे जंतू आधी मरतात, म्हणून रुग्णाला लवकर बरे वाटते. सुस्त जंतू मात्र मागे उरतात. त्यांच्यासाठीच नेहमीच्या क्षयाचे उपचार सहा महिने चालतात: पहिले दोन महिने चार औषधे, पुढचे चार महिने तीन.

पहिली महत्त्वाची फेरतपासणी दोन महिने पूर्ण होताना येते. तेव्हा थुंकी सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. जंतू दिसले म्हणजे औषध वाया गेलेच असे नाही. गोळ्या चुकल्या असतील, सुरुवातीला जंतूंची संख्या फार असेल किंवा दिसणारे जंतू मेलेलेही असू शकतात. पण औषधांना दाद न देणारा क्षय तर नाही ना, हे तेव्हाच तपासावे लागते. ही तपासणी टळली, तर असा रुग्ण पुढचे चार महिने निरुपयोगी गोळ्या घेत राहतो आणि तोच हट्टी जंतू घरात पसरवत राहतो.

दुसरी तपासणी उपचार संपताना. ‘कोर्स पूर्ण झाला’ आणि ‘रोग बरा झाला’ यांतला फरक तीच सांगते. तेव्हाही थुंकीत जंतू असतील, तर उपचार नव्याने ठरवावे लागतात.

मग नव्या यंत्रावरची तपासणी पुन्हा का करत नाहीत? सीबीनॅट आणि गोव्यातील कंपनीने विकसित केलेले ट्रूनॅट ही यंत्रे थुंकीतील जंतूंचा जनुकीय अंश शोधतात. निदानासाठी ती सूक्ष्मदर्शकापेक्षा कितीतरी सरस आहेत. रिफॅम्पिसिन हे प्रमुख औषध लागू पडेल का, हेही त्यांवर काही तासांत कळते. पण मेलेल्या जंतूचा अंशही त्यांना सापडतो. त्यामुळे बऱ्या होत असलेल्या रुग्णाचा अहवाल ‘पॉझिटिव्ह’ येऊन घर उगाच हवालदिल होऊ शकते. पैसे मोजून मनानेच ही चाचणी पुन्हा करून घेण्यात अर्थ नाही. एक्स-रेवरचे जुने व्रणही वर्षानुवर्षे राहू शकतात.

उपचार संपल्यावरही सहा, बारा, अठरा आणि चोवीस महिन्यांनी आरोग्य केंद्रात दाखवायचे असते. रोग उलटण्याची शक्यता पहिल्या दोन वर्षांत सर्वाधिक असते. मधल्या काळात खोकला, ताप, रात्रीचा घाम किंवा वजन घटणे सुरू झाले, तर तारखेची वाट पाहू नये.

घरातल्या इतरांच्या तपासणीतही वेळेला महत्त्व आहे. जंतू शरीरात शिरल्यानंतर त्वचेवरची किंवा रक्ताची संसर्ग-चाचणी पॉझिटिव्ह व्हायला साधारण दोन ते आठ आठवडे लागतात. लगेच केलेली चाचणी निगेटिव्ह आली म्हणून निर्धास्त होऊ नये. डॉक्टर ती आठ ते दहा आठवड्यांनी पुन्हा करायला सांगू शकतात. पाच वर्षांखालील मुलांच्या बाबतीत मात्र या चाचणीसाठी थांबत नाहीत. मुलाला क्षय नाही याची खात्री करून प्रतिबंधक औषध सुरू करतात.

ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर जाणाऱ्या कुटुंबांची अडचण वेगळी. हंगाम पाच-सहा महिन्यांचा, उपचारही तेवढेच. निघण्यापूर्वी आपल्या केंद्रात सांगितले, तर निक्षय नोंदणीच्या आधारे दुसऱ्या ठिकाणी औषधे आणि तपासणी सुरू ठेवता येते. सरकारी केंद्रात दोन्ही मोफत आहेत.

नमुना देण्याचीही रीत आहे. सकाळी उठल्यावर साध्या पाण्याने चूळ भरावी, दोन-तीन खोल श्वास घ्यावेत आणि मोकळ्या हवेत, इतरांपासून दूर उभे राहून छातीतून खोकून बेडका काढावा. नुसती लाळ दिली तर जंतू असूनही सापडत नाहीत. बेडका पडतच नसेल, तर तसे सांगावे, तपासणी परस्पर टाळू नये. उपचार सुरू होतील त्याच दिवशी दोन आणि सहा महिन्यांच्या तारखा कार्डावर लिहून घ्याव्यात आणि घरातल्या आणखी एकाला त्या माहीत असाव्यात.