पाठांतर आणि विस्मृति

“काल तर घडाघडा म्हणत होतास, आज कसें विसरलास?” हा प्रश्न ज्या घरांत मुलाला कधींच विचारला गेला नाहीं, असें घर आमच्या पाहण्यांत नाहीं. विसरणें म्हणजे आळस किंवा मंदबुद्धि, असें आपण धरून चालतों. तें कितपत खरें, हें एका जर्मन अध्यापकानें स्वतःवरच प्रयोग करून पाहिलें. त्यांची हकीकत वाचकांपुढें ठेवीत आहों.

हर्मान एबिंगहाउस हे १८८० पासून बर्लिन विश्वविद्यालयांत व्याख्याते होते. स्मरणासारखा मनोव्यापार प्रयोगानें मोजतां येणार नाहीं, असें लायप्झिगचे वुंट यांच्यासारखे थोर मानसशास्त्रज्ञ त्या काळीं समजत. एबिंगहाउस यांनीं नेमकें तेंच काम हातीं घेतलें. ओळखीच्या शब्दांना जुन्या आठवणी चिकटलेल्या असतात. म्हणून दोन व्यंजनांमध्यें एक स्वर घालून त्यांनीं सुमारें २,३०० निरर्थक शब्द तयार केले. त्यांच्या माळा मिनिटाला १५० शब्द या ठेक्यांत वाचून पाठ करावयाच्या आणि कांहीं काळानें त्याच पुन्हां पाठ करतांना किती श्रम वांचले तें मोजावयाचें, असा त्यांचा क्रम होता. १८७९-८० आणि १८८३-८४ अशा दोन खेपांना हें कंटाळवाणें व्रत त्यांनीं पाळलें व १८८५ सालीं त्याचा ग्रंथ प्रसिद्ध केला.

फळ काय निघालें? वीस मिनिटांनंतर शेंकडा ५८ श्रम वांचले, तासाभरानें ४४, दुसऱ्या दिवशीं ३४ आणि महिन्यानें २१. म्हणजे विस्मृतीचा मोठा घाला पहिल्या तासांतच पडतो. पुढें ती मंदावते. परंतु महिना लोटला तरी केलेले श्रम अगदींच वायां जात नाहींत. बारा शब्दांची माळ आदल्या एका दिवशीं ६८ वेळां घोकल्यानें जो लाभ होई, तोच तीन दिवसांत विभागून केलेल्या ३८ आवृत्त्यांनीं होई, असेंही त्यांना आढळलें.

हे प्रयोग एकाच माणसाचे, अशी शंका कोणी घेईल. परंतु २०१५ सालीं ॲम्स्टरडॅमच्या संशोधकांनीं ते पुन्हां केले, तेव्हां विस्मृतीचा क्रम पुष्कळसा तसाच दिसला. अर्थपूर्ण काव्याची गोष्ट मात्र वेगळी. बायरनचीं कडवीं पाठ करण्यास निरर्थक शब्दांच्या सुमारें एकदशांश श्रम पुरतात, हें एबिंगहाउस यांनींच दाखविलें होतें.

पुढें १८९४ मध्यें ते ब्रेस्लाउ येथें गेले. शाळेच्या सलग तासांनीं मुलांचा मेंदू किती शिणतो, हें पाहण्यासाठीं गाळलेले शब्द भरण्याची परीक्षा त्यांनीं तेथें योजिली आणि १८९७ सालीं तिची माहिती प्रसिद्ध केली. आज आपल्या मुलांच्या प्रश्नपत्रिकेंत ‘रिकाम्या जागा भरा’ असतें, त्याच जातीची ही परीक्षा होती. १९०९ सालीं हाले येथें त्यांचा अंत झाला.

रोज थोडी संथा आणि तिची नित्य आवृत्ति, ही आपल्या वैदिकांची रीत या शोधाशीं चांगली जुळते. परीक्षेच्या आदल्या रात्रीं दिवा जाळीत मुलाला घोकावयास बसविणें मात्र जुळत नाहीं. तेव्हां उद्यां मूल अडखळलें, तर त्याला रागावूं नये. तोच पाठ समजावून त्याच्याकडून पुन्हां एकदां म्हणवून घ्यावा. कालचे श्रम बुडालेले नसतात. या खेपेस तो लवकर येईल.