पाणथरीवरचे काळे ठिपके आणि सुईची भीती

१५ सप्टेंबरला जागतिक लिम्फोमा (लसीकासंस्थेचा कर्करोग) जागरूकता दिन असतो. मानेतल्या, काखेतल्या गाठींबद्दल पुष्कळ बोललं जातं. लिम्फोमा पाणथरीतही (प्लीहेतही) होतो, पण ती मात्र मागेच राहते.

सोनोग्राफीच्या रिपोर्टमधली ‘पाणथरी किंचित वाढलेली’ ही ओळ अनेकांनी वाचली असेल. लिम्फोमाच्या लुगानो निकषांत (२०१४) सीटी स्कॅनवर १३ सेंटीमीटरपेक्षा लांब पाणथरी वाढलेली मानतात. पण आपल्याकडे ती मलेरिया, टायफॉइड, यकृताच्या विकारांतही वाढते; उलट लिम्फोमा असूनही आकार नेहमीचाच राहू शकतो. म्हणून लांबीइतकंच आतल्या पोताकडे बघायला हवं.

रुग्णाला उजव्या कुशीवर वळवून, डावा हात डोक्यावर घेऊन, श्वास रोखायला लावून बरगड्यांच्या फटीतून पाणथरी बघतात. लिम्फोमाचे ठिपके पडद्यावर बहुधा आजूबाजूपेक्षा काळसर दिसतात. काही मिलिमीटरचे ठिपके पोटाच्या नेहमीच्या प्रोबला हुलकावणी देतात. थायरॉइडसाठी वापरतात तो जास्त फ्रिक्वेन्सीचा प्रोब लावला तर ते सापडू शकतात. हा प्रोब आवर्जून लावायला हवा.

खरी अडचण पुढे आहे. पाणथरीचा टीबीही असाच काळसर ठिपक्यांचा दिसतो. ताप, घाम, वजन घटणं ही लक्षणंही दोन्हीकडे सारखीच. शिरेतून सूक्ष्म वायुबुडबुडे सोडून केलेल्या सोनोग्राफीत लिम्फोमाचे ठिपके बुडबुडे लवकर सोडून देतात. तरीही तो संशयच; निदान पॅथॉलॉजिस्टच्या काचपट्टीवरच होतं.

मग तपासणीसाठी तुकडा (बायोप्सी) का घेत नाहीत? पाणथरीत रक्त फार, म्हणून सुईची भीती. पण २०११ मध्ये ‘रेडिओलॉजी’ नियतकालिकात आलेल्या एकत्रित विश्लेषणात बारीक सुईने, म्हणजे १८ गेज किंवा त्याहून बारीक, तुकडा घेताना गंभीर गुंतागुंतीचं प्रमाण सुमारे १.३ टक्के होतं. सोनोग्राफीत सुईचं टोक सरकताना दिसतं, रक्तवाहिन्या टाळता येतात. रक्त गोठण्याच्या चाचण्या आधी हव्यातच. मानेत सहज हाती लागणारी गाठ असेल, तर तुकडा तिथूनच घ्यावा.

अंदाजाने टीबीच्या गोळ्या सुरू करून महिनाभर वाट बघणं मला मुळीच पटत नाही. आक्रमक लिम्फोमात तो महिना फार महाग पडतो. आणि सोनोग्राफी स्वच्छ आली तरी ताप हटत नसेल, तर पेट-सीटीबद्दल डॉक्टरांना जरूर विचारा.