परीक्षा संपल्यानंतर: उत्तरे जुळविण्याचा विवेक

वैद्यकीय, अभियांत्रिकी आणि औषधनिर्माणशास्त्र या शाखांचे प्रवेश आज प्रामुख्याने ‘नीट’, ‘जेईई’ आणि ‘एमएचटी-सीईटी’ या सामाईक परीक्षांच्या निकालावर ठरतात. या परीक्षांच्या तयारीविषयी पुष्कळ लिहिले आणि बोलले जाते. परंतु परीक्षा संपल्यापासून निकाल लागेपर्यंत विद्यार्थ्याने कसे वागावे, याविषयी क्वचितच कोणी सांगते. निवासी शाळेत हा काळ विशेष नाजूक असतो. मुले परीक्षाकेंद्रावरून एकाच गाडीने परततात, एकाच पंगतीत जेवतात आणि एकाच खोलीत झोपतात. घरी राहणारा विद्यार्थी दार लावून घेऊ शकतो; वसतिगृहातील विद्यार्थ्याला ‘तुझे उत्तर काय आले?’ या प्रश्नापासून दूर जाण्यास जागाच नसते. म्हणून या विषयाची थोडी मांडणी येथे करीत आहोत.

उत्तरे जुळवून पाहण्याची इच्छा स्वाभाविक आहे आणि ती वाईटही नाही. आपण कोठे चुकलो हे जाणून घेण्याची ओढ नसेल, तर अभ्यास पुढे सरकणार नाही. मात्र या तुलनेतून काय कळते आणि काय कळत नाही, हे आधी समजून घेतले पाहिजे.

प्रथम ‘सीईटी’चा विचार करू. ही परीक्षा संगणकावर, अनेक दिवस आणि निरनिराळ्या सत्रांत होते. प्रत्येक सत्राची प्रश्नपत्रिका वेगळी असते. गणिताचा प्रश्न दोन गुणांचा, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र यांचा प्रश्न एका गुणाचा असतो. चुकीच्या उत्तराबद्दल गुण कापले जात नाहीत. निकाल मात्र पर्सेंटाइलमध्ये लागतो. आपल्या सत्रातील शंभरांपैकी किती परीक्षार्थींचे गुण आपल्याइतके किंवा आपल्याहून कमी आहेत, हे तो आकडा सांगतो. समजा, एका सत्रात दहा हजार परीक्षार्थी होते आणि त्यांपैकी नऊ हजार दोनशे जणांचे गुण आपल्याइतके किंवा कमी आहेत, तर आपले पर्सेंटाइल ९२ होते. प्रश्नपत्रिका कठीण असेल, तर कमी गुणांवरही चांगले पर्सेंटाइल मिळते. त्यामुळे सकाळच्या सत्रातील विद्यार्थ्याने दुपारच्या सत्रातील मित्राचे गुण ऐकून खचून जाणे किंवा हुरळून जाणे, दोन्ही निरर्थक आहे.

‘नीट’ची रीत वेगळी आहे. तेथे एकाच दिवशी, कागदावर परीक्षा होते. बरोबर उत्तरास चार गुण मिळतात, चुकीच्या उत्तरास एक गुण वजा होतो. प्रश्नपुस्तिकेचे निरनिराळे संकेत असल्याने प्रश्नांचा क्रम बदललेला असतो. एकाचा तिसावा प्रश्न दुसऱ्याचा तिसावा असेलच असे नाही. विद्यार्थी प्रश्नपुस्तिका सोबत आणतो, परंतु ओएमआर उत्तरपत्रिका केंद्रावरच द्यावी लागते. म्हणजे त्या रात्री खोलीत जे जुळविले जाते, ते प्रत्यक्ष भरलेले वर्तुळ नसून त्याची आठवण असते. आणि थकलेल्या मनाची आठवण हा काही भक्कम पुरावा नव्हे.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, बहुतेकांचे उत्तर एकसारखे आले म्हणून ते बरोबर ठरत नाही. याचे ठळक उदाहरण ५ मे २०२४ रोजी झालेल्या ‘नीट’ परीक्षेतील आहे. भौतिकशास्त्राच्या एका प्रश्नात अणूविषयी दोन विधाने होती. अणू विद्युतदृष्ट्या उदासीन असतो, हे पहिले. प्रत्येक मूलद्रव्याचे अणू स्थिर असतात आणि आपला वैशिष्ट्यपूर्ण वर्णपट उत्सर्जित करतात, हे दुसरे. पाठ्यपुस्तकाच्या जुन्या आवृत्तीच्या आधारे चार लाखांहून अधिक परीक्षार्थींनी दोन्ही विधाने बरोबर मानली. परीक्षा घेणाऱ्या ‘एनटीए’ने दोन पर्यायांना गुण दिले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायालयाच्या सूचनेवरून दिल्ली आयआयटीच्या तीन तज्ज्ञांनी प्रश्न तपासला आणि दुसरे विधान चुकीचे असल्याचे सांगितले. किरणोत्सारी मूलद्रव्यांचे अणू स्थिर नसतात, हे आपले विद्यार्थीही शिकतात. सुधारित निकालात त्या लाखो परीक्षार्थींचे प्रत्येकी पाच गुण कमी झाले. पूर्ण ७२० गुण मिळविलेल्या ४४ जणांचाही त्यांत समावेश होता.

या घटनेत दोन धडे आहेत. लाखोंचे एकमत हे प्रमाण नव्हे, हा पहिला. आधार घेऊन मांडलेली शंका थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत ऐकली जाते, हा दुसरा.

तेव्हा उत्तरे जुळवावीत, पण अधिकृत तात्पुरती उत्तरतालिका प्रसिद्ध झाल्यावर. त्या वेळी विद्यार्थ्याला स्वतःने नोंदविलेली उत्तरेही संकेतस्थळावर पाहता येतात. दोन्ही समोर ठेवून, विषयशिक्षकांसह बसून, प्रत्येक फरकाचे कारण शोधावे: संकल्पना कळली नव्हती, आकडेमोड चुकली, की घाईत प्रश्न नीट वाचला नाही. तालिकाच चुकीची वाटल्यास हरकत घ्यावी. ‘सर्वांचे हेच आले’ हे हरकतीचे कारण होऊ शकत नाही. पाठ्यपुस्तकातील पान किंवा उत्तराची पूर्ण रीत द्यावी लागते. ‘नीट’मध्ये प्रत्येक प्रश्नामागे दोनशे रुपये शुल्क घेण्याची पद्धत आहे. शेतमजुरी करणाऱ्या पालकांच्या दृष्टीने ही रक्कम लहान नाही. म्हणून हरकत घेण्यापूर्वी शिक्षकांचे मत अवश्य घ्यावे. आणि हरकत योग्य असेल, तर पैशांअभावी ती राहू नये, हे आपण सर्वांनी पाहावे.

हरकतीसाठी मुदत थोड्याच दिवसांची असते आणि तोवर मुले गावी गेलेली असतात. अनेकांचे अर्ज सायबर कॅफेत भरलेले असतात. नोंदविलेला मोबाइल क्रमांकही कधीकधी दुकानदाराचाच असतो. अशा वेळी ओटीपी मिळत नाही आणि हक्क असूनही तो बजावता येत नाही. अर्ज भरतानाच घरातील क्रमांक द्यावा आणि अर्ज क्रमांक व पासवर्ड वहीत लिहून ठेवावेत, असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे.

राहिला प्रश्न त्या पहिल्या रात्रीचा. कित्येकांची दुसरी परीक्षा काही दिवसांवर असते. चार उत्तरे जुळली नाहीत म्हणून एखादा मुलगा पुस्तक मिटतो आणि झालेल्या परीक्षेमुळे होणारी परीक्षा गमावतो. मोठ्याने उत्तरे सांगणाऱ्यापेक्षा गप्प झालेल्या मुलाकडे खोलीतील मित्रांनी आणि गृहपालांनी अधिक लक्ष द्यावे. पालकांनीही त्या संध्याकाळच्या फोनवर ‘किती येतील?’ असे न विचारता ‘जेवलास का?’ एवढेच विचारावे. आपल्या घरातून प्रथमच महाविद्यालयाची पायरी चढणाऱ्या मुलामुलींच्या खांद्यावर संपूर्ण घराची आशा असते. गुणांचा हिशेब काही दिवसांनी होणारच आहे. तोवर त्यांची झोप, भूक आणि पुढच्या परीक्षेचा धीर सांभाळणे, हे आपल्या सर्वांचे काम आहे.