काही होत नाही, असं सांगू नये

आमच्या आईच्या दंडावर देवीच्या लशीचे दोन गोल व्रण होते. लहानपणी त्यांवर बोट फिरवत मी विचारायचो, "आई, दुखलं होतं का गं?" ती म्हणायची, "दुखलं तर! चार दिवस ताप होता, हात वर होत नव्हता. पण देवी येऊन तोंडावर खड्डे पडण्यापेक्षा हे बरं." पुढे आमची पाळी आली. देवी डॉक्टर शाळेत आले तेव्हा निम्मा वर्ग पळाला. मी मात्र रडत रडत का होईना, हात पुढे केला. आईनं आधीच सगळं सांगून ठेवलं होतं. दुखणार हे माहीत होतं, आणि का सोसायचं हेही.

आईचं ते साधं उत्तर मी पुढे विसरलो. त्याची आठवण व्हायला २०२१ साल उजाडावं लागलं.

त्या वर्षी १२ जानेवारीच्या पहाटे पुण्यातल्या सीरम इन्स्टिट्यूटमधून कोव्हिशील्डच्या पहिल्या गाड्या पूजा करून विमानतळाकडे निघाल्या, तेव्हा आम्हा पुणेकरांची छाती थोडी फुगलीच होती. दहा महिने दारं लावून, भाजी धुऊन धुऊन आणि एकमेकांकडे संशयानं बघून काढलेले. आता सुटका दिसत होती. १६ जानेवारीला देशभर लसीकरण सुरू झालं. आधी दवाखान्यांतले कर्मचारी. मग १ मार्चपासून साठीपुढचे, आणि पंचेचाळिशीपुढचे मधुमेहासारखे जुने आजार असलेले. १ एप्रिलपासून पंचेचाळिशीपुढचे सगळेच.

आणि इथेच एक गंमत सुरू झाली. गंमत म्हणायची एवढंच. ज्याला लस हवी त्याला मिळेना, आणि ज्याच्या दारात ती आली त्याला ती नको! आमच्या सोसायटीत तरुण मुलं मोबाइलवर आजी-आजोबांची नावं नोंदवत बसलेली. एप्रिलमध्ये तर साठा संपला म्हणून राज्यातली कितीतरी केंद्रं बंद ठेवावी लागली. आमच्या जवळच्या केंद्रावर लोक पहाटे पाचला येऊन रांगेत चपला ठेवून जात. इकडे ही झुंबड, आणि तिकडे सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावी प्राथमिक आरोग्य केंद्रात नर्सबाई दुपारपर्यंत माणसांची वाट पाहत बसलेल्या.

वाट पाहायला लावणाऱ्यांत आमचे थोरले बंधू होते. दादा तेव्हा एकाहत्तर वर्षांचे. जुनी अकरावी पास, रोज वर्तमानपत्र पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचणारे. त्यांना अडाणी म्हणण्याची माझी काय बिशाद! त्यांच्या नकाराला कारण होतं. पलीकडच्या वाडीतले एक गृहस्थ लस घेतल्यावर आठव्या दिवशी गेले. त्यांना हृदयविकार जुनाच होता, पण ते सांगणार कोण? गावात एकच वाक्य फिरलं, 'लस घेतली आणि गेला.' त्यातच ११ मार्चला डेन्मार्कनं अॅस्ट्राझेनेकाची लस रक्ताच्या गाठींच्या शंकेवरून काही काळ थांबवली. आपली कोव्हिशील्ड म्हणजे तीच लस. दादांनी बातमी वाचून मला फोन केला.

"अरे, तिकडं थांबवली म्हणं. आणि आपण घ्यायची?"

मी म्हणालो, "दादा, तिकडचं सोडा. काही होत नाही. तुम्ही आणि वहिनी डोळे मिटून घेऊन टाका."

डोळे मिटून! आयुष्यभर डोळे उघडे ठेवून बाजारात बैल पारखणाऱ्या माणसाला मी हा सल्ला दिला.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मी लस घेतली. रात्री सणकून ताप भरला, अंग मोडून आलं, पॅरासिटामॉलची गोळी घेऊन पडून राहिलो. दुसऱ्या दिवशी दादांचा फोन आला. तापाचं सांगितलं तर ते अजिबात घेणार नाहीत, असा हिशेब करून मी म्हणालो, "ठणठणीत आहे. मुंगी चावल्यासारखंसुद्धा वाटलं नाही." दुपारी आमच्या सौभाग्यवतींनी वहिनींना फोनवर सगळी हकीकत सांगून टाकली. संध्याकाळी पुन्हा दादांचा फोन. आवाज चढलेला नव्हता, हेच जास्त लागलं.

"ताप आला होता, तर सांगितलं का नाहीस? येवढ्याशा तापाचं लपवतोस, तर मोठं काही असलं तर सांगशील होय?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. दादांनी लस घेतली नाही. ते घेत नाहीत म्हणून वहिनीही थांबल्या. त्या पासष्ट वर्षांच्या, मधुमेह असलेल्या. म्हणजे १ मार्चपासूनच त्यांचा हक्क होता. एप्रिलच्या अखेरीस गावात दुसरी लाट पोचली. दादा चार दिवसांच्या खोकल्यावर निभावले. वहिनींना ऑक्सिजन लावावा लागला. अकराव्या दिवशी त्या गेल्या. शेवटचं दर्शनही आम्हाला धड झालं नाही.

लस घेतली असती तर त्या वाचल्या असत्या, असं कोणताही डॉक्टर छातीठोकपणे सांगणार नाही. पण वाचण्याची शक्यता वाढली असती, हे नक्की. त्या शक्यतेच्या आड जे जे आलं, त्यात माझं ते लहानसं खोटंही होतं. हे मी आजवर दादांशी बोललेलो नाही. बोलायची गरज आहे, असं त्यांनीही कधी दाखवलं नाही.

जुलैमध्ये गावच्या शाळेत लसीकरणाचं शिबिर लागलं. मी तेव्हा गावीच होतो. आशाताई घरोघर फिरून नावं घेत होत्या. दादा म्हणाले, "येतो, पण आधी विचारणार." शाळेच्या वर्गात नर्सबाईंसमोर बसून त्यांनी विचारलं, "बाई, खरं सांगा. ह्यानं काही होतं का?"

मी मनात म्हटलं, झालं! आता बाई म्हणणार, 'काही होत नाही.'

बाई म्हणाल्या, "होतं की. आज रात्री ताप येईल, हात दुखेल. दोन दिवसांत जाईल. एखाद्याला लगेच त्रास होतो, म्हणून अर्धा तास इथंच बसायचं, माझ्या डोळ्यांसमोर. आणि अगदी क्वचित, लाखात एखाद्याला, रक्तात गाठ होऊ शकते. वीस दिवसांत धाप लागली, छातीत दुखलं, पाय सुजला, डोकं सारखं ठणकायला लागलं, तर दुखणं अंगावर काढायचं नाही. हा माझा नंबर. रात्री-बेरात्री फोन करा."

दादा क्षणभर थांबले. मग सदऱ्याची बाही वर करत म्हणाले, "मग द्या."

मी बघतच राहिलो. तीन महिने मी जे फोनवर करू शकलो नाही, ते बाईंनी तीन मिनिटांत केलं. तेही धोका सांगून!

नर्सबाई पदरचं काही सांगत नव्हत्या. ७ एप्रिल २०२१ रोजी युरोपच्या औषध नियामक संस्थेनं मान्य केलं होतं, की प्लेटलेट कमी होऊन रक्तात गाठी होण्याचा अतिशय दुर्मीळ प्रकार या लशीशी जोडलेला असू शकतो. पण फायदा धोक्यापेक्षा मोठा आहे. त्याच दिवशी ब्रिटननं तिशीच्या आतल्यांना शक्य तिथे दुसरी लस द्यायचं ठरवलं. तरुणाला कोरोनाचा धोका कमी, म्हणून त्याचं पारडं वेगळं. पासष्टीच्या मधुमेही बाईचं वेगळं. १७ मे रोजी आपल्या केंद्र सरकारनंही २६ संभाव्य प्रकरणांची, म्हणजे दहा लाख डोसांमागे ०.६१ अशी नोंद जाहीर केली आणि वीस दिवसांत कोणत्या लक्षणांकडे लक्ष ठेवायचं तेही सांगितलं. जूनमध्ये, लशीनंतरच्या तीव्र अॅलर्जीनं ६८ वर्षांच्या एका गृहस्थांचा मृत्यू झाल्याचं सरकारी समितीनं मान्य केलं. सगळं कागदावर होतं. पण ते कागद किती घरांत पोचले? आमच्या बाईंनी तो कागद वाचला आणि मराठीत सांगितला, एवढंच.

बाकी ठिकाणी काय चाललं होतं? कोव्हॅक्सिनला ३ जानेवारीला परवानगी मिळाली तेव्हा तिसऱ्या टप्प्यातल्या चाचणीचे परिणामकारकतेचे आकडे यायचे होते. हा प्रश्न डॉक्टरांनीही विचारला. कोव्हिशील्डच्या दोन डोसांतलं अंतर आधी चार ते सहा आठवडे, मग सहा ते आठ, आणि १३ मे रोजी बारा ते सोळा आठवडे झालं. अंतर वाढवल्यानं लशीचा गुण वाढतो याला परदेशांतल्या अभ्यासाचा आधार होता, पण नेमका तेव्हाच साठ्याचा खडखडाट असल्यानं कट्ट्याकट्ट्यावर एकच चर्चा, "हे शास्त्र की टंचाई?" प्रश्न विचारणारे सगळे लशीचे वैरी नव्हते. बहुतेकांना फक्त नीट उत्तर हवं होतं.

उत्तराऐवजी काही ठिकाणी दंडुका उगारला गेला. नोव्हेंबर २०२१ मध्ये तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यात एक तरी डोस घेतल्याशिवाय रेशन, गॅस, पेट्रोल नाही, असा हुकूम निघाला. रांगा वाढल्याही असतील. पण हात पुढे करणं वेगळं आणि पिरगाळला जाणं वेगळं. २ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की कोणावरही लशीची सक्ती करता येणार नाही. आणि लशीनंतरच्या दुष्परिणामांची माहिती लोकांसाठी खुली ठेवा, असंही बजावलं. या दोन गोष्टी एकाच निकालात याव्यात, हे मला फार अर्थपूर्ण वाटतं. सक्ती नको असेल तर विश्वास हवा, आणि विश्वास हवा असेल तर लपवालपवी नको.

हा धडा आपल्याला नवा नाही. १८९६ साली मुंबईत प्लेग आला, तेव्हा डॉ. वॉल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यावरची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी आधी स्वतःलाच टोचून घेतली. लोक घाबरलेले होते. आगाखानांनी सर्वांसमक्ष लस टोचून घेतली, तेव्हा त्यांच्या अनुयायांना धीर आला. त्याच वर्षी पुण्यात घरात शिरून रोगी हुडकण्याच्या जुलमानं लोक पेटले होते आणि जूनमध्ये रँडचा वध झाला. म्हणजे एकीकडे स्वतःच्या अंगावर प्रयोग करणारा डॉक्टर आणि दुसरीकडे बुटांनिशी देवघरात जाणारा सोजीर. लोकांना दोन्ही 'सरकारी'च दिसत होते.

पुढे १९०२ च्या ऑक्टोबरात पंजाबातल्या मुलकोवाल गावी १०७ जणांना प्लेगची लस टोचली गेली आणि त्यांतले १९ जण धनुर्वातानं दगावले. हाफकिन निलंबित झाले. एका बाटलीत धनुर्वाताचे जंतू शिरले होते. दोष मुंबईच्या प्रयोगशाळेचा नसून बाटली गावात उघडताना झालेल्या चुकीचा असावा, असं पुढे आलं, आणि १९०७ मध्ये ते दोषमुक्त झाले. परळच्या त्या प्रयोगशाळेला १९२५ साली त्यांचंच नाव मिळालं. ते एकोणीस जीव मात्र परत आले नाहीत. लशीनं अगणित लोक वाचवले हे खरं, आणि ते एकोणीस गेले हेही खरं. एक सांगताना दुसरं गिळलं, तर ऐकणारा पहिल्यावरही विश्वास ठेवत नाही.

२१ ऑक्टोबर २०२१ रोजी देशानं शंभर कोटी डोसांचा टप्पा गाठला, १७ जुलै २०२२ रोजी दोनशे कोटींचा. एवढ्या मोठ्या देशात, एवढ्या घाईत हे झालं, याचा अभिमान मला आहेच. पण त्या दोनशे कोटींत दादांचे दोन आहेत, आणि वहिनींचा एकही नाही.

२०२४ च्या एप्रिलअखेर बातमी आली, की ही लस अतिशय दुर्मीळ वेळा रक्तात गाठी होण्याला कारण ठरू शकते, हे अॅस्ट्राझेनेकानं ब्रिटनमधल्या न्यायालयात कबूल केलं. पुण्यात आमच्या सकाळच्या फिरण्याच्या कट्ट्यावर हलकल्लोळ झाला. एकजण रक्त तपासायला निघाले, दुसऱ्यांची रात्रीची झोप उडाली. तो धोका डोसानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांतला, तीन वर्षांनी रक्त तपासून उपयोग नाही, हे सांगता सांगता डॉक्टर थकले. "आम्हाला तर सगळे म्हणाले होते, काही होत नाही!" हे वाक्य मी त्या आठवड्यात किती जणांकडून ऐकलं असेन! म्हणणाऱ्यांत मीही होतो, म्हणून मान खाली घालून ऐकलं.

धास्तावून मी दादांना फोन केला. म्हटलं, ते आता काय म्हणतील?

दादा शांतपणे म्हणाले, "वाचली बातमी. त्यात नवीन काय? बाईंनी तवाच सांगितलं होतं."

नंतर पावसापाण्याचं बोलणं झालं. फोन ठेवताना ते म्हणाले, "नातवाला गोवराची लस द्यायची आहे म्हणं. सूनबाई घाबरलीय. तू बोल तिच्याशी. पण बोलताना जे असेल ते सांग."

मी सूनबाईंना फोन केला. म्हणालो, "ताप येईल. बाळ किरकिर करेल. एखादवेळी अंगावर पुरळही उठेल, आणि जाईल. पण गोवरापेक्षा हे बरं."

बोलता बोलता लक्षात आलं, हे वाक्य माझं नव्हतं. आईचं होतं.