पार्ल्याचं जुनं घर आणि त्याच्या अवतीभवती

विलेपार्ले पूर्वेला अजून एखाद-दुसरं जुनं घर दिसतं. बैठं किंवा एकमजली, मंगलोरी कौलं, पुढे ओटी, मागे विहीर, कुंपणाशी जास्वंद. ओटीवरच्या लाकडी झोपाळ्याच्या पितळी कड्या नीट बघा, वर्षानुवर्षांच्या झोक्यांनी आतून झिजून पातळ झालेल्या असतात. अशा घरासमोर थांबल्याशिवाय मला पुढे जाववत नाही!

पण घराइतकंच महत्त्वाचं असतं ते चालत जाता येईल एवढ्या अंतरातलं सगळं. पार्ले टिळक विद्यालय 1921 चं, लोकमान्य सेवा संघ 1923 चा. दोन्ही टिळकांच्या स्मरणार्थ उभ्या राहिलेल्या संस्था. शाळा, ग्रंथालय, व्याख्यानं, नाटकं हे सारं हाकेच्या अंतरावर आल्यामुळेच इथे माणसं रुजली. पु. ल. देशपांडे याच शाळेचे विद्यार्थी. बाजार स्टेशनला लागून, त्यामुळे कामावरून परतताना भाजी घेऊनच घरी. आणि 1929 मध्ये सुरू झालेला पार्ले कंपनीचा कारखाना! 2016 मध्ये तो बंद होईपर्यंत भाजत्या बिस्किटांचा वास थेट फलाटापर्यंत यायचा.

पुनर्विकासात घरं झपाट्याने जातायत. तुमच्या गल्लीत एखादं उरलं असेल, तर मालकांना विचारून फोटो जरूर काढून ठेवा.