वकीलसाहेबांना थेट विचारलं तर?

भिलाईत नोकरी म्हणजे पोलाद कारखान्याची: जाहिरात, परीक्षा, ग्रेड, क्वार्टर. त्यामुळे घरात कुणी एलएल.बी. झालं की वडील जाहिरातीची वाट पाहतात आणि मुलगा ओळखीचा माणूस शोधतो. ज्येष्ठ वकिलाला आपणहून पत्र लिहायचं मात्र दोघांच्याही मनात येत नाही.

आलंच, तर कुणीतरी सांगतं की ते नियमात बसत नाही. बार कौन्सिल ऑफ इंडियाचा नियम 36 पुढे केला जातो. तो नियम जाहिरात करून किंवा दलाल लावून पक्षकार मिळवणाऱ्या वकिलांसाठी आहे. ‘मला हाताखाली घ्या’ म्हणणाऱ्याशी त्याचा काही संबंध नाही. उलट वकिली अशीच शिकली जाते. माजी सरन्यायाधीश भूषण गवई 1985 मध्ये वकिलीत आले आणि 1987 पर्यंत माजी महाधिवक्ता राजा भोसले यांच्याकडेच काम करत होते.

दुसरा समज जास्त नडतो: नावापुढे ‘सीनियर अ‍ॅडव्होकेट’ आहे, म्हणजे ते लॉ फर्ममध्ये लावून देतील. 1961 च्या अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्टच्या कलम 16 खाली हा दर्जा सर्वोच्च किंवा उच्च न्यायालय देतं. तो मिळाला की वकालतनामा दाखल करता येत नाही, पक्षकाराकडून थेट काम घेता येत नाही. त्यांच्या चेंबरमध्ये निवाडे शोधणं आणि युक्तिवाद बांधणं शिकायला मिळतं, आणि ते सोन्यासारखं शिक्षण आहे. पण फर्ममध्ये कुणाला घ्यायचं हे तिथले भागीदार ठरवतात. तेव्हा फर्म हवी असेल तर ज्या विभागात काम करायचं, त्याच्या भागीदाराला लिहा. त्यांनी पत्र एचआरकडे ढकललं तर तो अपमान समजू नका. तिथली रीतच तशी आहे.

पैशांचं काय? ‘ज्युनिअरने विचारायचं नसतं’ हा समज आता तरी सोडावा. ऑक्टोबर 2024 मध्ये बार कौन्सिलने शहरी भागात दरमहा 20,000 आणि ग्रामीण भागात 15,000 रुपये विद्यावेतनाची शिफारस केली. ती सक्तीची नाही, म्हणूनच आधी विचारून घ्यावं. आणखी एक: नियम 49 प्रमाणे वकिली करणाऱ्याला पूर्णवेळ पगारी नोकरी करता येत नाही. त्यामुळे फर्ममधले असोसिएट सहसा मासिक मानधनावर असतात. ‘पीएफ कापतात का?’ असं विचारणाऱ्या वडिलांना हे आधीच समजावून ठेवा.

पत्र एका पानाचं असू द्या. त्या वकिलांनी लढवलेला एखादा खटला खरोखर वाचून मग लिहा. एकच मजकूर पन्नास जणांना पाठवलेला लगेच ओळखू येतो. आणि दुर्ग असो की बिलासपूर, कामकाज चालू असताना कोर्टाच्या दारात त्यांना अडवू नका. संध्याकाळी चेंबरवर जा.